सर्व्हर बसला, तर आकडे दाखवा

सार्वजनिक संकेतस्थळ बंद पडलं की आपल्याकडे दोनपैकी एक उत्तर मिळतं. ‘एकाच वेळी खूप लोक आले’ किंवा ‘तांत्रिक अडचण आहे’. मी पुण्यात गेली वीसेक वर्षं सर्व्हर सांभाळण्याचं काम करते. ही वाक्यं ऐकली की मला विचारावंसं वाटतं, किती लोक आले? किती जणांना आत घेतलं, किती दारातून परत गेले, आत आलेल्या एकेकाला किती वेळ लागला? हे सगळं सर्व्हर स्वतः क्षणाक्षणाला सांगत असतो. ते बघायला एक छोटी आज्ञा टाइप करावी लागते, बस. ज्यांच्या ताब्यात ते संकेतस्थळ आहे त्यांनी हे आकडे बघितलेच नसतील तर तो निष्काळजीपणा आहे. बघूनही सांगितले नसतील तर तो नागरिकांचा अपमान आहे.

कनेक्शन म्हणजे काय ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तुम्ही मोबाइलवर एखादं संकेतस्थळ उघडता तेव्हा फोन आधी एक छोटा संदेश धाडतो, की बोलायचं आहे. सर्व्हर कळवतो, ऐकलं, बोल. फोन पुन्हा कळवतो, मिळालं. या तीन संदेशांनी जोडणी पक्की होते आणि मगच पानाची मागणी पुढे जाते. टीसीपी नावाच्या ज्या नियमांवर हे चालतं ते सप्टेंबर १९८१ मध्ये आरएफसी ७९३ या क्रमांकाने प्रसिद्ध झाले. २०२२ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती आली, तीन संदेशांची रीत मात्र तशीच राहिली.

प्रत्येक जोडणीची त्या त्या क्षणी एक अवस्था असते आणि लिनक्सवर ‘एसएस’ ही आज्ञा दिली की सगळ्या जोडण्या अवस्थेसकट समोर येतात. पूर्वी याच कामाला ‘नेटस्टॅट’ वापरत, अजूनही बरेच जण वापरतात. पहिला संदेश आला, आपण उत्तर दिलं, पण तिसरा अजून पोचायचा आहे, ती ‘सिन रिसीव्ह्ड’. बोलणं चालू आहे, ती ‘एस्टॅब्लिश्ड’. बोलणं संपलंय आणि वाटेत रेंगाळलेला एखादा संदेश नंतर येऊन घोळ करू नये म्हणून जोडणीची नोंद थोडा वेळ राखून ठेवली आहे, ती ‘टाइम वेट’. लिनक्सवर ती साठ सेकंद राहते. टाइम वेटच्या हजारो ओळी दिसल्या की नवीन मुलं घाबरतात. त्यात घाबरण्यासारखं सहसा काही नसतं, गर्दीच्या सर्व्हरवर त्या असायच्याच. माझं लक्ष असतं ते ‘क्लोज वेट’वर. समोरच्याने जोडणी बंद केली आहे, पण आपल्या प्रोग्रामने अजून केलेली नाही, ही ती अवस्था. तिच्याबद्दल पुढे सांगणार आहे.

वेब सर्व्हरचा स्वतःचाही एक फळा असतो. अपाचे हा सर्व्हर १९९५ पासून जगभर चालतो आहे. त्याचं स्थितिदर्शक पान उघडलं की आत काम करणाऱ्या प्रत्येक प्रक्रियेसाठी एक अक्षर दिसतं. ‘आर’ म्हणजे मागणी वाचणं चालू आहे. ‘डब्ल्यू’ म्हणजे उत्तर तयार करून पाठवणं चालू आहे. ‘के’ म्हणजे उत्तर दिलंय, याच माणसाची पुढची मागणी येईल म्हणून थोडं थांबलोय. काही बदल केला नसेल तर हे थांबणं पाच सेकंदांचं. खालची रेघ म्हणजे हात मोकळे आहेत. जुन्या पद्धतीच्या मांडणीत आपण काही बदल केला नाही तर अशी जास्तीत जास्त २५६ घरं असतात. ती सगळी ‘डब्ल्यू’ने भरली की दोनशे सत्तावन्नावा माणूस बाहेरच्या रांगेत. ती रांगही भरली की पुढच्याचा पहिला संदेशच सर्व्हर सोडून देतो आणि त्या माणसाच्या फोनवर नुसतं गोल फिरत राहतं. पुढे रशियाचे इगोर सिसोएव्ह यांनी २००४ मध्ये खुला केलेल्या एन्जिनएक्ससारख्या सर्व्हरांनी हजारो जोडण्या थोडक्या प्रक्रियांत सांभाळायची सोय केली. त्याच्याही पानावर वाचन, लेखन आणि वाट बघणं अशा तीन खात्यांत जोडण्या मोजलेल्या दिसतात. मोजणी सगळीकडे आहे, फुकट आहे.

आता ‘खूप लोक आले’ या कारणाकडे येते, कारण सर्वांत जास्त दिशाभूल तिथे होते. जॉन लिटल या अमेरिकी अभ्यासकाने १९६१ मध्ये एक साधा नियम सिद्ध करून दाखवला. एका वेळी आत असलेली सरासरी संख्या म्हणजे दर सेकंदाला येणाऱ्यांची संख्या गुणिले प्रत्येकाला आत लागणारा वेळ. समजा सेकंदाला दोनशे मागण्या येत आहेत आणि प्रत्येकीला पाव सेकंद लागतो. तर कुठल्याही क्षणी आत पन्नास असतील आणि सर्व्हर निवांत असेल. आता मागे असलेला डेटाबेस मंदावला आणि एका मागणीला पाच सेकंद लागू लागले. येणारे तेच दोनशे. आत मात्र हजार. सर्व्हर भरला, रांग वाढली, पान उघडेना. एकही माणूस जास्तीचा आलेला नाही. खाणावळीत आमटी उशिरा आली की टेबलं अडून राहतात आणि दारात गर्दी दिसते, तसंच हे.

दारातली गर्दी बघून ‘आज फार लोक आले’ म्हणणारा मालक चुकीची दुरुस्ती करतो. तो टेबलं वाढवतो. आमटी आणखी उशिरा येते, कारण चूल तेवढीच आहे. सर्व्हरच्या बाबतीत हे मी अनेकदा बघितलं आहे. पुढचे वेब सर्व्हर दुप्पट केले की ते सगळे मिळून त्याच डेटाबेसवर तुटून पडतात आणि सगळंच आणखी हळू होतं. त्यात पान उघडेना म्हणून लोक पुन्हा पुन्हा रिफ्रेश करतात. जुनी मागणी आत शिजत असतेच, नवी तिच्यावर येऊन पडते. म्हणून नुसती जोडण्यांची संख्या पुरत नाही. दर सेकंदाला किती आले, प्रत्येकाला किती वेळ लागला आणि किती जण उत्तर न घेताच गेले, हे तिन्ही आकडे शेजारी ठेवून बघावे लागतात.

हे शहाणपण इंटरनेटच्या फार आधीचं आहे. माझे बाबा टेलिफोन खात्यात होते. जिल्ह्याच्या गावातलं जुनं एक्स्चेंज, खटाखट आवाज करणारे स्विच आणि एका रॅकवर ओळीने बसवलेले छोटे मीटर. त्यातल्या काहींना ओव्हरफ्लो मीटर म्हणत. एखाद्या मार्गावरच्या सगळ्या लाइनी गुंतलेल्या असताना आणखी एक कॉल आला की तो जोडला जात नसे, पण मीटरचा आकडा एकने पुढे सरके. न लागलेला फोनही खात्याच्या हिशेबात असे. बाबा ठरल्या वेळी ते आकडे वहीत उतरवत. दिवसातला सर्वांत गर्दीचा तास कुठला, कुठल्या मार्गावर लाइनी कमी पडतात, ते त्यावरून वरच्या ऑफिसला कळे. यामागचं गणित मांडलं ते कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नेर क्रारुप एरलांग यांनी. १९०९ मध्ये त्यांचा निबंध आला आणि १९१७ मध्ये अमुक इतक्या लाइनी ठेवल्या तर किती कॉल परत जातील हे सांगणारं सूत्र. टेलिफोनची गर्दी आजही त्यांच्याच नावाच्या एककात मोजतात.

त्या काळी फोन मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागे, ट्रंक कॉल तासन्तास लागत नसे आणि खात्यावर लोकांचा राग होता. तो रास्तच होता. तरीही परत गेलेला कॉल मोजण्याची शिस्त त्या खात्यात होती, आणि ‘या मार्गावरील सर्व लाइनी व्यस्त आहेत’ एवढं तरी फोन करणाऱ्याला ऐकू येत असे. आज आपल्या हातातली यंत्रं त्या रॅकपेक्षा अफाट ताकदीची आहेत. परत गेलेल्या माणसाची मोजणी मात्र जाहीर होत नाही.

क्लोज वेटची गोष्ट सांगायची राहिली. एका शिक्षणसंस्थेचे प्रवेशअर्ज भरायचे दिवस होते. सकाळी साडेदहाला अर्ज खुले झाले आणि पाच मिनिटांत पान अडकलं. मला बोलावलं तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनी आणखी सर्व्हर घ्यायची तयारी चालवली होती. “मॅडम, लोड झेपत नाहीये. दोन मशीन वाढवू या का?” मी आधी प्रोसेसर किती गुंतलाय ते बघितलं. जवळजवळ रिकामा. मेमरीही मोकळी. फळ्यावर मात्र एकूण एक घर ‘डब्ल्यू’ने भरलेलं, आणि एसएसच्या यादीत क्लोज वेटच्या ओळी वाढत चाललेल्या. म्हणजे मुलं वाट बघून निघून गेली होती, आणि आमचा प्रोग्राम गेलेल्या मुलांसाठी उत्तर तयार करत बसला होता.

तो कशासाठी खोळंबला होता, तेही त्याच यादीत होतं. सर्व्हरकडे येणाऱ्या जोडण्या असतात तशा सर्व्हरकडून बाहेर जाणाऱ्याही असतात. आमच्याकडून एकाच बाहेरच्या पत्त्याकडे गेलेल्या शेकडो जोडण्या उत्तराची वाट बघत होत्या. तो पत्ता मोबाइलवर ओटीपी पाठवणाऱ्या सेवेचा होता. ती सेवा मंदावली होती आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याने तिच्या उत्तराची वाट तीस सेकंदांपर्यंत बघायची असं ठरवून ठेवलं होतं. आता हिशेब करा. २५६ घरं, प्रत्येक घर तीस सेकंद अडलेलं, म्हणजे सेकंदाला जेमतेम आठ-नऊ मुलं आत. नवे दहा सर्व्हर आणले असते तरी दुखणं तिथेच राहिलं असतं. ओटीपीची मागणी वेगळ्या रांगेत टाकली, मुलाला लगेच ‘संदेश येतोय, थांबा’ असं पान दाखवलं आणि त्याच यंत्रावर दुपारपर्यंत अर्ज सुरळीत भरले जाऊ लागले. त्या दिवशी कुणी जोडण्या बघितल्या नसत्या तर दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ‘विद्यार्थ्यांच्या प्रचंड प्रतिसादामुळे’ असं छापून आलं असतं, आणि संस्थेने काही लाख रुपये नको तिथे घातले असते.

दुसरी एक गोष्ट ग्रामीण भागाशी थेट जोडलेली आहे, आणि ती मला जास्त छळते. सर्व्हरवर ताण आला की बरेच जण एक युक्ती करतात. कुठल्या आयपी पत्त्यावरून किती जोडण्या आहेत त्याची यादी काढायची, सर्वांत वरचे पत्ते हल्लेखोर समजायचे आणि त्यांना बंदी घालायची. आयपीच्या जुन्या, म्हणजे चौथ्या आवृत्तीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. जगाला ते केव्हाच कमी पडले. म्हणून मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना एका पत्त्यामागे ठेवतात. या सोयीसाठी पत्त्यांचा एक वेगळा गट २०१२ मध्ये राखून ठेवला गेला आहे. शहरातल्या सुखवस्तू घरात स्वतंत्र ब्रॉडबँड असतो. तालुक्याच्या गावातली मुलं मोबाइलच्या एकाच पत्त्यामागून, कॉलेजच्या लॅबमधून नाहीतर नेट कॅफेतून येतात. एकाच पत्त्यावरून चाळीस जोडण्या दिसल्या म्हणून बंदी घातली की एखाद्या गावातली चाळीस मुलं एका फटक्यात बाहेर. त्यांना कळतही नाही की आपल्याला हल्लेखोर ठरवलं गेलंय. त्यांच्या पडद्यावरही तेच गोल फिरत असतं. यादी यंत्र काढून देतं. त्या यादीतला पत्ता कुणाचा असू शकतो याचा विचार माणसाला करावा लागतो, आणि तो माणूस या मातीतला असेल तर बरं.

हल्ले होतच नाहीत असं मी म्हणत नाही. सप्टेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट कंपनीवर असा हल्ला झाला, की पहिला संदेश पाठवायचा आणि तिसरा कधीच पाठवायचा नाही. अर्धवट जोडण्यांनी रांग भरून गेली आणि खऱ्या ग्राहकांना जागा उरली नाही. पण हल्ल्याचीही खूण जोडण्यांच्या यादीत उमटते. सिन रिसीव्ह्डचा डोंगर दिसतो. तेव्हा ‘सायबर हल्ला झाला’ असं जो म्हणेल त्यानेही तो डोंगर दाखवावा.

न बघण्याची किंमत किती मोठी असू शकते, त्याचं सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेतलं आहे. १ ऑक्टोबर २०१३ रोजी तिथल्या केंद्र सरकारने आरोग्यविम्यासाठी हेल्थकेअर डॉट गव्ह हे संकेतस्थळ सुरू केलं. राष्ट्राध्यक्ष ओबामा यांची सर्वांत महत्त्वाची योजना त्यावर अवलंबून होती. पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण झाली ती सहा जणांची. दोन-तीन आठवड्यांनी जी बचाव तुकडी आली तिच्यात गूगलमधून आलेले मायकी डिकरसन होते. या तुकडीची हकिकत स्टीव्हन ब्रिल यांनी २०१४ च्या मार्चमध्ये ‘टाइम’ साप्ताहिकात सविस्तर लिहिली. तुकडीला तिथे काय आढळलं? किती लोक आत आहेत, उत्तराला किती वेळ लागतोय, वाहतूक कुठे तुंबली आहे, हे एका जागी दाखवणारा फलकच तिथे नव्हता. इतका पैसा, इतके ठेकेदार, आणि यंत्राच्या आत काय चाललंय ते बघायला खिडकी नाही. त्यांनी सर्वांत आधी तो फलक तयार केला. मग रोज सकाळ-संध्याकाळ बैठक. बैठकीत दोषारोप करायचे नाहीत, आणि हुद्दा काहीही असो, ज्याला त्या प्रश्नाची सर्वांत जास्त माहिती आहे त्याने बोलायचं, असे नियम. डिसेंबर उजाडेपर्यंत संकेतस्थळ रुळावर आलं. विम्याच्या योजना नुसत्या बघायच्या असल्या तरी आधी खातं उघडायला लावणारी रचना, हे त्या कोंडीचं एक मोठं कारण होतं. येणाऱ्या प्रत्येकाला त्या एकाच अरुंद दारातून जावं लागत होतं.

आपल्याकडे १६ जुलै २०२१ ची दुपार अनेक पालकांना आठवत असेल. करोनामुळे दहावीची परीक्षा झाली नव्हती, अंतर्गत मूल्यमापनावर गुण दिले होते, आणि पंधरा लाखांहून जास्त मुलांचा निकाल लागायचा होता. संकेतस्थळं काही तास उघडली नाहीत. सरकारने चौकशीचे आदेश दिले. निकाल ९९.९५ टक्के लागला हे सगळ्यांच्या लक्षात राहिलं. एक वाजता सेकंदाला किती मागण्या आल्या, किती पुऱ्या झाल्या आणि अडथळा नेमका कुठे होता, हे सामान्य माणसाला समजेल अशा आकड्यांत माझ्या तरी कधी वाचनात आलं नाही. आणि दहावीच्या निकालात तर खरं म्हणजे प्रत्येक क्रमांकाचं पान आदल्या रात्री तयार करून ठेवता येतं. त्या दिवशी डेटाबेसला हात लावायची गरजही पडू नये.

असे आकडे सरकारी यंत्रणेला सांगता येतच नाहीत, असं नाही. २०२५ च्या जूनमध्ये रेल्वेने जाहीर केलं, की २२ मे रोजी सकाळी दहा वाजता एका मिनिटात ३१,८१४ तिकिटं काढली गेली, आणि तत्काळची खिडकी उघडल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनच्या प्रयत्नांपैकी निम्मे यंत्रचलित प्रोग्रामांचे असतात. वर्षानुवर्षं आपल्याला वाटत होतं की दहा वाजता तिकीट मिळत नाही ते लोकसंख्येमुळे. मोजल्यावर कळलं की रांगेतले निम्मे माणूसच नव्हते. १ जुलैपासून तत्काळसाठी आधारने पडताळलेलं खातं सक्तीचं झालं ते या पार्श्वभूमीवर. तो उपाय योग्य की अयोग्य यावर मतभेद असू शकतात, आधार सगळीकडे मागण्याबद्दल मलाही शंका आहेत. पण त्यावर वाद घालायला आपल्यापाशी आकडा आहे. निकालांच्या, प्रवेशांच्या, दाखल्यांच्या बाबतीत तेवढाही नाही.

निकाल वर्षातून एकदा लागतो. रेशनच्या दुकानातलं ई-पॉस मशीन रोज चालतं. दस्तनोंदणी, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविम्याचा अर्ज, सगळं कुठल्या ना कुठल्या सर्व्हरमागे गेलंय. तिथे ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ असं सांगितलं की खिडकीपलीकडच्या बाईचा एक दिवसाचा रोज बुडतो, एसटीचं भाडं जातं, आणि उद्याही तेच ऐकायला मिळणार नाही याची खात्री नसते. सांगणाऱ्या कर्मचाऱ्याचाही दोष नसतो, त्याच्या हातात काही नाही. त्या बाईचा तो वाया गेलेला दिवस कुठल्याही मीटरवर पडत नाही, याची मला चीड येते.

आकडे जाहीर केले तर हल्लेखोरांचं फावेल, असं मला एकदा एका बैठकीत सांगण्यात आलं. त्यात एक भाग खरा आहे. अपाचेचं ते स्थितिदर्शक पान कधीही जगासाठी उघडं ठेवू नये. कोण कुठल्या पत्त्यावरून काय बघतोय ते त्यावर दिसतं आणि ती नागरिकांची खासगी माहिती आहे. ते पान कुलपातच हवं. मी मागते आहे त्या बेरजा आहेत. दर मिनिटाला आलेल्या मागण्या, पूर्ण झालेल्या, नाकारलेल्या, उत्तराला लागलेला वेळ, आणि सेवा बंद राहिली ती मिनिटं. या पाच आकड्यांवरून कुणालाही कुठलंही कुलूप उघडता येत नाही. खर्चाचं म्हणाल, तर सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सरकारी संस्थांनाही आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात. म्हणजे कच्चा माल आधीच गोदामात पडून असायला हवा. बेरीज करायची आणि छापायची, एवढंच उरतं.

दुसरा आक्षेप असा, की आता सगळं क्लाउडवर आहे, गर्दी वाढली की यंत्रं आपोआप वाढतात, बघत कशाला बसायचं? नवी यंत्रं उभी राहायला मिनिटं लागतात. निकालाची लाट एकच्या ठोक्याला सेकंदांत येते. आणि पुढची यंत्रं कितीही वाढली तरी मागचा डेटाबेस आणि ओटीपीची सेवा आहे तेवढीच राहते, हे वर आलंच आहे. क्लाउड वाईट नाही, मी रोज वापरते. पण त्याचं बिल भरल्याने देखरेखीची जबाबदारी संपत नाही.

म्हणून माझं मागणं निविदेपासून सुरू होतं. संकेतस्थळाच्या कंत्राटात रंगीत तालीम सक्तीची असावी. अपेक्षित गर्दीच्या दुप्पट मागण्या आधी सोडून बघायच्या आणि त्याचा अहवाल जपायचा. मोठ्या दिवशी जोडण्यांचा फलक कंपनीच्या माणसासमोर असतो तसा खात्याच्या स्वतःच्या, पगारी अभियंत्यासमोरही असावा. कुणाला काय बंदी घातली हे त्याला कळलं पाहिजे आणि ती उठवायचा अधिकार त्याला असला पाहिजे. सर्व्हर भरला तर नागरिकाला खरं उत्तर मिळालं पाहिजे. ‘सध्या सेवा देता येत नाही, इतक्या वेळाने या’ असं सांगण्याची सोय वेबच्या नियमांतच आहे, ५०३ हा क्रमांक त्यासाठीच आहे. आणि आठवडाभरात ते पाच आकडे खात्याच्या संकेतस्थळावर यावेत, यश आलं असेल तरीही.

यातलं काहीही आपोआप होणार नाही. आपण मागितलं तर होईल. पुढच्या वेळी एखादं सरकारी संकेतस्थळ अडकलं की तारीख आणि वेळ लिहून ठेवा, पडद्याचा फोटो काढा आणि माहितीच्या अधिकारात त्या खात्याकडे अर्ज करा. त्या दिवशी त्या तासात मिनिटागणिक किती मागण्या आल्या, किती पूर्ण झाल्या, किती नाकारल्या आणि सेवा किती मिनिटं बंद होती, एवढंच विचारा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. फी दहा रुपये आहे, अर्ज ऑनलाइनही करता येतो आणि तीस दिवसांत उत्तर देणं खात्याला बंधनकारक आहे. लॉग जपून ठेवायची सक्ती १८० दिवसांपुरतीच आहे, तेव्हा अर्ज त्याच्या आत करा.